क्यू उद्यानातील पाम हाऊस : छताची दुरुस्ती आणि वारसा-जतनाचा प्रश्न

जुन्या वास्तूचे जतन म्हणजे तिचे मूळ साहित्य टिकवणे, असे आपण सहसा मानतो. पण मूळ साहित्यच वास्तूच्या मुळावर आले तर काय करायचे? लंडनच्या क्यू उद्यानातील पाम हाऊस या काचगृहाच्या आधारे हा प्रश्न समजून घेऊ.

वास्तुविशारद डेसिमस बर्टन आणि डब्लिनचे लोहकाम-तज्ज्ञ रिचर्ड टर्नर यांनी ते १८४४ ते १८४८ या काळात उभारले. उंच ताडांसाठी मोकळी जागा हवी होती. म्हणून जहाजबांधणीतील तुळयांचे तंत्र वापरून घडीव लोखंडाच्या रुंद कमानी तयार करण्यात आल्या. उन्हाने पाने करपू नयेत यासाठी सुरुवातीला हिरवट काचा बसवल्या होत्या. पुढे लंडनच्या धुरामुळे प्रकाशच अपुरा पडू लागला आणि साध्या काचा आल्या. म्हणजे छतातील बदल एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते, हे लक्षात घ्या.

खरा शत्रू होता आतला दमटपणा. उष्ण प्रदेशातील वनस्पतींना तो आवश्यक, पण त्यानेच लोखंड गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि काचांवर दाब येऊन त्या तडकतात. १९५० च्या दशकातील दुरुस्ती पुरेशी ठरली नाही. अखेर १९८४ ते १९८८ या काळात झाडे बाहेर हलवून छत उतरवण्यात आले. लोखंडी कमानी साफ करून पुन्हा वापरल्या. काचा धरणाऱ्या पट्ट्या मात्र स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. त्यांची एकूण लांबी सुमारे १६ किलोमीटर भरते. सुमारे १६,००० काचाही नव्या बसल्या.

येथे वारसा केवळ लोखंडाचा नव्हता. फ्रान्सिस मॅसन यांनी १७७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेले सायकॅड याच संग्रहातील आहे. ते इमारतीहून जुने आहे. दमटपणा कमी केला असता तर लोखंड वाचले असते, पण वनस्पती गेल्या असत्या. म्हणून कमानी आणि आकार राखून पट्ट्यांचे मूळ साहित्य सोडण्यात आले. काचगृह हे काचगृह म्हणून चालू राहावे, हा त्या निर्णयाचा पाया होता.

विचार करा : बेंगळुरूच्या लालबागेतील काचगृहाची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. त्याच्या छताची दुरुस्ती तुमच्याकडे सोपवली, तर तुम्ही काय राखाल आणि काय बदलाल? सकारण लिहा.