श्वानदंश, दायित्व आणि नुकसानभरपाई : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील ऊसपट्ट्यात बिबट्याने माणसावर हल्ला केला, तर जखमी व्यक्तीस अथवा मृताच्या वारसांस शासनाकडून ठरावीक दराने अर्थसाहाय्य मिळते. त्याच गावात मोकाट कुत्र्याने लहान मुलाचे लचके तोडले, तर भरपाई कोणी व किती द्यावी, याचे निश्चित उत्तर देणारा कायदा महाराष्ट्रात नाही. एकाच शिवारातील दोन जखमांना कायद्याने असा वेगळा न्याय का लावला, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन धर्मशास्त्रातील विचार

जनावराच्या कृत्याबद्दल मालकाला जबाबदार धरण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दाढा व शिंगे असलेल्या जनावरांचा उल्लेख येतो. अशा जनावराच्या तावडीतून माणसाला सोडविणे शक्य असूनही मालकाने ते केले नाही, तर त्यास दंड सांगितला आहे. संकटग्रस्ताने हाक मारूनही दुर्लक्ष केल्यास तो दुप्पट होतो. मात्र हा दंड आहे, जखमी व्यक्तीची भरपाई नव्हे. दंड आणि भरपाई यांतील हे अंतर पुढील सर्व कालखंडांत कायम राहिलेले दिसते.

ब्रिटिश कालखंड

कंपनी सरकारने मोकाट कुत्र्यांकडे सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले. मुंबईत उन्हाळ्यात कुत्री मारण्याची मोहीम चाले व प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस दिले जाई. जून १८३२ मध्ये या मोहिमेविरुद्ध मुंबईच्या कोटात पारशी समाजाने उठाव केला व शहराचे व्यवहार ठप्प झाले. कुत्र्याला धार्मिक महत्त्व देणारा समाज आणि त्याला उपद्रव मानणारे प्रशासन यांच्यातील हा संघर्ष आजच्या वादाचा पूर्वज म्हणावा लागेल.

अहमदनगर येथे १८५४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त हे अशा संस्थांचे काम मानले गेले. परंतु बंदोबस्तात कसूर झाल्यास जखमी नागरिकाला काय मिळावे, हा विचार पुढे आला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २८९ ने जनावराबाबत हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार १ जुलै २०२४ पासून दंडाची कमाल मर्यादा पाच हजार रुपये झाली. येथेही रक्कम मूलतः सरकारजमा होते. न्यायालयाने स्वतंत्र आदेश दिला तरच त्यातील वाटा जखमी व्यक्तीस मिळतो.

दिवाणी दाव्याचा मार्ग खुला होता. मुंबई इलाख्यातील न्यायालये १८२७ च्या विनियमानुसार, लिखित कायदा व रूढी नसेल तेथे न्याय, समता व सद्सद्विवेकबुद्धी यांच्या आधारे निर्णय देत. त्या वाटेने इंग्लंडमधील तत्त्वे येथे आली. पाळीव जनावर चावरे आहे हे मालकाला आधी ठाऊक होते, असे वादीने सिद्ध करावे, ही त्यांतील प्रमुख अट होय. मोकाट कुत्र्याला मालकच नसल्यामुळे हा मार्ग तेथे निरुपयोगी ठरतो.

स्वातंत्र्योत्तर कालखंड

१९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने मोकाट कुत्री विहित पद्धतीने मारण्यास वाव ठेवला होता. २००१ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांनी धोरण पालटले. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्र्याला त्याच परिसरात परत सोडावे असे ठरले. ठार मारण्याची मुभा असाध्य रोगी व प्राणांतिक जखमी कुत्र्यांपुरती उरली. उपद्रवी कुत्री मारण्याचा अधिकार महापालिकांना आहे, असा निर्णय २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने दिला. त्यास २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२३ च्या नव्या नियमांनी निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर कायम ठेवली. भरपाईविषयी मात्र हे नियम मौन पाळतात.

ही उणीव न्यायालयांनी अंशतः भरून काढली. १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास राज्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व दृढ झाले. केरळमधील दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन समिती नेमली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये आणि मांस निघाल्यास जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार रुपये, असे मोजमाप घालून दिले. भरपाईची प्राथमिक जबाबदारी राज्याची मानली. हा निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाही; मार्गदर्शक मात्र निश्चित आहे.

बिबट्या आणि कुत्रा : एक तुलना

महाराष्ट्र शासनाच्या योजनेत वाघ, बिबट, लांडगा, कोल्हा, इतकेच नव्हे तर रानकुत्र्याच्या हल्ल्याचाही समावेश आहे. गावातील कुत्र्याचा नाही. यामागील तर्क असा की, वन्यप्राण्यास कायद्याचे संरक्षण असल्याने नागरिकाला त्यास मारता येत नाही. म्हणून नुकसानीचा भार शासनाने उचलावा. हा तर्क योग्यच आहे. परंतु २००१ नंतर मोकाट कुत्र्याबाबतही नेमकी हीच स्थिती निर्माण झाली. समाजाने करुणेपोटी जे धोरण स्वीकारले, त्याची किंमत एकट्या जखमी व्यक्तीने का मोजावी?

शिवाय हे दोन प्राणी एकमेकांपासून अलग नाहीत. अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सर्वाधिक, सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व मोकाट कुत्र्यांचा आढळला. म्हणजे मोकाट कुत्र्यांची संख्या हा बिबट्याच्या मानवी वस्तीलगतच्या वावराशीही निगडित प्रश्न आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक कालखंडात कायद्याने कुत्र्याचे काय करावे आणि मालकाला कोणती शिक्षा द्यावी, हे ठरविले. चावा घेतलेल्या माणसाचा विचार शेवटी राहिला. शेतमजूर, गुराखी, पायी शाळेत जाणारी मुले यांना दिवाणी दावा किंवा रिट याचिका परवडणारी नाही. वन्यप्राण्यांसाठी पंचनामा, वैद्यकीय प्रमाणपत्र व ठरावीक दर ही सोपी पद्धत याच जिल्ह्यात रुळलेली आहे. तीच पद्धत श्वानदंशास लागू करणे हे नव्या कायद्यापेक्षा प्रशासकीय इच्छाशक्तीचे काम आहे. कुत्र्यावरील दया आणि माणसाला न्याय यांत निवड करण्याची वेळ त्यामुळे येणार नाही.