पिवळा दिवा काय सांगतो

मनामाच्या जुन्या बाजारात शिरताना जी कमान लागते, ती बाब अल बहरीन, म्हणजे बहरीनचं दार. सर चार्ल्स बेलग्रेव्ह या ब्रिटिश सल्लागाराच्या आराखड्यानुसार ती १९४९ साली उभी राहिली. तेव्हा समुद्र कमानीच्या अगदी जवळ होता. पुढे भराव घालून तो मागे सारला गेला. बाजारात आपला रुपया चालायचा आणि गाड्या मुंबईसारख्याच डावीकडून धावायच्या. उजवी बाजू आली ती १९६७ मध्ये.

त्या गाड्यांचे ब्रेक पाय आणि कान यांनी तपासता यायचे. पेडल स्पंजासारखं दबलं तर तेलात हवा, गाडी एका बाजूला ओढली तर एखाद्या चाकाची गडबड, करकर आली तर लायनिंग संपलेलं. आज तुमच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो, तेव्हा गाडी स्वतःच तक्रार करत असते. ती तक्रार नीट वाचायची, तर तिचा इतिहास ठाऊक हवा.

चाक घट्ट जाम झालं की ते घसरतं आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही. यावर पहिला इलाज विमानांसाठी शोधला गेला. १९५० च्या दशकात डनलॉपचं मॅक्सरेट हे यांत्रिक उपकरण विमानांत वापरात आलं आणि १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या मोटारीत बसलं. १९७० मध्ये मर्सिडीज आणि टेल्डिक्स यांनी इलेक्ट्रॉनिक पद्धत दाखवली. पण तिच्यात सुमारे हजार सुटे भाग होते आणि रोजच्या वापरात त्यांचा भरवसा नव्हता. बॉशने डिजिटल तंत्राने हा आकडा १४० च्या आसपास आणला, आणि १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये एबीएस आलं.

एवढी वर्षं का लागली? कारण हे उपकरण ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं. सेन्सरने ‘चाक थांबलं’ असं खोटंच सांगितलं, तर नको तेव्हा दाब सुटेल. म्हणून संगणक सतत स्वतःची तपासणी करतो आणि शंका आली की बाजूला होतो. पिवळा दिवा म्हणजे नेमकं हेच: साधे ब्रेक चालू आहेत, पण चाकं जाम होऊ शकतात. लाल दिवा मात्र वेगळा. हँडब्रेक सोडलेला असूनही तो राहिला, तर तेल कमी झालेलं असू शकतं. लाल आणि पिवळा दोन्ही लागले, तर गाडी पुढे नेऊ नका.

आता कोडचं बघा. स्कॅनर ‘डावं पुढचं चाक’ म्हणतो. कारण सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या सेन्सरसमोर दातेरी कडं फिरतं आणि त्यातून वीज निर्माण होते. वेग कमी झाला की हा इशारा क्षीण होतो. सेन्सरच्या बैठकीखाली गंज साचून तो कड्यापासून थोडा जरी दूर गेला, तरी हळू थांबताना संगणकाला चाक जाम झाल्याचा भास होतो आणि कोरड्या रस्त्यावर पेडल थरथरतं. कधी कधी दिवाही लागत नाही. आखातातली खारी दमट हवा असो, नाहीतर टोरांटोच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ, गंजाला दोन्ही सारखेच.

म्हणून सेन्सर बदलण्याआधी गॅरेजवाल्याला सांगा: सरळ रस्त्यावर चारही चाकांचे वेग स्क्रीनवर एकत्र बघा. मग वायर, कनेक्टर, कड्याला तडा, बेअरिंगमधला खेळ, शेवटी सेन्सर. नुसता सेन्सर बदलून तोच कोड परत येतो, तो बहुतेक वेळा यातलं काहीतरी राहून गेल्यामुळे.

जुनी गाडी घेताना किल्ली फिरवून पाहा. पिवळा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर दोष लपवण्यासाठी कुणी दिवाच बंद केला आहे का, हे तपासून घ्या.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा पुण्यातल्या आईबाबांनाही हे फोनवर सांगायला हरकत नाही. बहरीनमध्ये पाऊस वर्षातून मोजकेच दिवस पडतो. पण पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून निसरडा थर होतो. महिनोन्‌महिने दुर्लक्षिलेल्या त्या दिव्याचा अर्थ त्या दिवशी कळतो. तो आधीच कळलेला बरा.