वायूची वेस



मी आयुष्यभर मराठी शिकविले. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु भोपाळच्या रहिवाशाला वायू आणि द्रव यांच्या संबंधाचा इतिहास टाळता येत नाही.

या बिट्टन मार्केटच्या किराणा दुकानांतून आपण वनस्पती तुपाचे डबे आणीत आलो. ते करण्याची जुनी रीत अशी : तापविलेल्या तेलात निकेलची पूड उत्प्रेरक म्हणून मिसळायची आणि हायड्रोजन वायू सोडायचा. निकेलच्या कणापर्यंत पोहोचण्यासाठी वायूला आधी तेलात विरघळावे लागते. ही वेस ओलांडण्याचा वेगच पुष्कळदा साऱ्या क्रियेची गती ठरवितो. म्हणून तेल जोराने घुसळावे लागते.

ढवळलेल्या द्रवाचा पृष्ठभाग सतत नवा होत असतो, हा विचार पी. व्ही. डॅन्कवर्ट्स यांनी १९५१ साली मांडला. केंब्रिजला त्यांच्या हाताखाली संशोधन केलेले डॉ. मनमोहन शर्मा १९६४ साली माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. एल. के. दोराईस्वामी यांच्यासह त्यांनी या विषयावर लिहिलेला द्विखंडात्मक ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी, २ डिसेंबरच्या रात्री, आपल्या शहराच्या उत्तरेस युनियन कार्बाइडच्या ई-६१० टाकीतील मिथाइल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरलेले होते. उष्णता वाढली, टाकीच्या पोलादातून सुटलेले लोह उत्प्रेरक ठरले, आणि द्रवाची वाफ होऊन सुमारे ४० टन विष बाहेर पडले. अशा वायूला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शोषून घेण्यासाठी तेथे एक मनोरा उभारलेला होता. वायूला द्रवात आणणारी तीच वेस. पण त्या लोंढ्यापुढे तिचा उपयोग झाला नाही. तो मनोरा एवढ्या लोंढ्यासाठी बांधलेलाच नव्हता.

पुढे डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८५ मध्ये वैज्ञानिक अहवाल तयार झाला. त्याच्या लेखकांत डॉ. दोराईस्वामी आणि डॉ. रघुनाथ माशेलकर होते. ज्यांनी वायूची वाट अभ्यासली, त्यांच्यावरच तिचा पंचनामा करण्याची वेळ आली.

वायू किती आल्यास मनोरा किती मोठा हवा, हे सांगणारे शास्त्र तेव्हा देशात शिकविले जात होते. त्या रात्री उणे पडले ते ज्ञान नव्हे, ते वापरण्याची दक्षता. या शाळेतून उद्या जे अभियंते होतील, त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.