पुस्तकासाठी रंगवलेले चित्र

स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या साहसकथेची सचित्र आवृत्ती न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर प्रकाशनसंस्थेने १९११ साली काढली. तिच्यासाठी एन. सी. वायेथ या अठ्ठावीस वर्षांच्या चित्रकाराने रंगवलेली तैलचित्रे सुमारे चार फूट उंचीची होती; छापील पानावर ती जेमतेम वीतभर उरली. प्रसंग दुरून न पाहता त्यात शिरावे, ही गुरू हॉवर्ड पाइल यांची शिकवण वायेथने मनोमन स्वीकारली होती. जिम हॉकिन्स घर सोडतो, हा क्षण कादंबरीत ओझरताच येतो. वायेथने तेथे थांबून मुलाच्या पाठीमागे रडणारी आई उभी केली. लेखकाने सोडलेल्या जागेत चित्रकाराने आपली कथा सांगितली.

तरीही कथाचित्रे काढणारा, ही ओळख वायेथला अखेरपर्यंत सलत राहिली. निसर्गचित्रे आणि भित्तिचित्रे यांच्या बळावर स्वतंत्र चित्रकार म्हणून मान्यता मिळावी, ही त्याची आकांक्षा होती. परंतु चॅड्स फोर्ड येथील ज्या भूमीची चित्रे त्याला काढावयाची होती, तेथे जागा घेण्यासाठी पैसा मिळाला तो ‘ट्रेझर आयलंड’च्या मानधनातूनच.

याच काळात मुंबईत महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) पुस्तकांसाठी चित्रे काढीत होते. कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. एडवर्ड्स यांचे मुंबईविषयीचे पुस्तक (१९१२), किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) आणि रॉथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक त्यांच्या चित्रांनी सजले. यांतील किंकेड यांचे पुस्तक मराठी वाचकाला विशेष जवळचे आहे. त्यातील कथा म्हणजे आपल्या व्रतांच्या कहाण्या. हातात अक्षता घेऊन ऐकल्या जाणाऱ्या या कहाण्यांना चित्राची गरज कधी भासली नव्हती. आटपाट नगर प्रत्येकीच्या मनात वेगळे होते. ज्या वाचकाने नऊवारी लुगडे किंवा देवघर पाहिलेच नव्हते, त्याच्यासाठी मात्र धुरंधरांना त्या नगराला रूप द्यावे लागले. वायेथने कथेतील भय आणि विरह गडद केले. धुरंधरांनी वेश, भांडी, अलंकार आणि उभे राहण्याची ढब यांतून कथेला तिचा प्रदेश दिला. त्यात कहाणीच्या निराकार नगराची थोडी हानी झाली, हेही मान्य केले पाहिजे.

चरितार्थाची कला आणि स्वतःची कला यांतील हा ताण पुढेही राहिला. मद्रासहून कोवलमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर इंजंबाक्कम येथे १९६६ साली के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चोलमंडल हे कलाग्राम वसवले. बाटिक व इतर हस्तकलावस्तू विकून जगावे आणि चित्र कोणाच्याही मागणीवाचून काढावे, हा त्यांचा मार्ग होता. पोट आणि प्रतिभा यांची त्यांनी सरळ विभागणी केली. धुरंधरांच्या कामात अशी रेघ आखणे अवघड आहे. दरबाराचे भव्य तैलचित्र असो वा पुस्तकातील छोटे जलरंगचित्र, मानवी आकृतीवरील त्यांची निष्ठा तीच राहते.

१९७१ मध्ये चॅड्स फोर्ड येथे ब्रँडिवाइन संग्रहालय उघडले आणि वायेथची चित्रे भिंतीवर मूळ आकारात आली. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात २०१८ मध्ये धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले. दोघांनाही उशिरा न्याय मिळाला, पण तो चित्रकार म्हणून. वाङ्मयेतिहासाच्या दप्तरी ही नोंद अजून अपुरी आहे. नव्या आवृत्तीत चित्रे गळतात, संहिता तेवढी उरते आणि अभ्यासक तिलाच संपूर्ण ग्रंथ मानतो. प्रत्यक्षात त्या पिढीच्या वाचकाने जिमची आई आणि कहाणीतील सून शब्दांइतकीच रंगांतूनही वाचली होती. ग्रंथालयातील जुनी सचित्र प्रत म्हणूनच त्या वाचनाचा पुरावा ठरते. ती जपली नाही, तर कथा कशी वाचली गेली याचा निम्मा इतिहास हरवेल.