मिल्लच्या मनावरील मळभ

गोपाळ गणेश आगरकरांच्या पिढीनें ज्याचे ग्रंथ आदरानें वाचले, तो जॉन स्टुअर्ट मिल्ल म्हणजे केवळ तर्काचा पुतळा, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु या पुरुषाला ऐन विसाव्या वर्षीं जगणेंच नकोसें झालें होतें.

मिल्लचा जन्म १८०६ सालीं लंडन येथें झाला. त्याचा बाप जेम्स मिल्ल यानें हिंदुस्थानांत पाऊलहि न टाकतां हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला. आणि मुलाचें शिक्षणहि त्यानें शाळेवर न सोंपवितां स्वतःच केलें. तिसऱ्या वर्षीं ग्रीक, आठव्या वर्षीं लॅटिन, आणि आपला धडा झाला कीं धाकट्या भावंडांना शिकवावयाचें! सुटी नाहीं, खेळगडी नाहींत. बुद्धीला एवढें खाद्य देणाऱ्या बापानें मुलाचें हृदय मात्र उपाशी ठेवलें, असें म्हणणें भाग आहे. सतराव्या वर्षीं मिल्ल ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत नोकरीस लागला. शिवाय बेंथामच्या विस्कळीत हस्तलिखितांतून पांच खंडांचा ग्रंथ सिद्ध करण्याचें ओझेंहि त्यानेंच वाहिलें.

१८२६ च्या शरदांत त्यानें मनाला एक प्रश्न विचारला: ज्या सुधारणांसाठीं आपण झटतों, त्या सर्व या क्षणीं घडून आल्या, तर आपणांस आनंद होईल काय? मनानें स्वच्छ 'नाहीं' म्हणून सांगितलें. त्या उत्तरासरशीं आयुष्याचा पायाच खचला. झोंपेनें दुःख ओसरेल असें वाटलें. पण जाग आली ती त्याच दुःखासह. आवडते ग्रंथ उघडावे, तर त्यांतील रस आटलेला. नित्याचें काम संवयीच्या जोरावर चालूच होतें. मन मोकळें करावें असें कोणी त्याला दिसेना. बापापाशीं तर बोलणें शक्यच नव्हतें; आपली शिक्षणपद्धति फसली, एवढेंच दुःख त्याच्या पदरीं पडलें असतें. आजचे वैद्य अशा विषण्णतेला रोग मानून तीवर औषधें व मानसोपचार योजतात. मिल्लला यांतलें कांहींच लाभलें नाहीं.

असें जिणें वर्षभराहून अधिक सोसवणार नाहीं, असें त्याला वाटे. परंतु त्याच्या निम्मा काळहि लोटला नसेल, तोंच मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी त्याच्या वाचनांत आल्या. बाप वारला आहे, घर दुःखांत बुडालें आहे, आणि लहानगा मुलगा सर्वांचा आधार होण्याचा निश्चय करतो, हा प्रसंग वाचतांना मिल्लच्या डोळ्यांना धारा लागल्या. आपण दगड झालेलों नाहीं, एवढी खूण त्याला पटली आणि ओझें हलकें झालें.

मळभ एकदम मात्र गेलें नाहीं. तें पुन्हा पुन्हा आलें, कधीं महिनेच्या महिने राहिलें. पण पूर्वीइतकें गडद झालें नाहीं. वेबरच्या संगीतानें बरें वाटूं लागलें, तों नवीच चिंता उपजली: सप्तकांत स्वर थोडे, तेव्हां नव्या चाली संपून गेल्या तर? सात स्वरांतून रात्र रात्र रंगणारी आपली मैफल त्यानें ऐकली असती, तर ही चिंता त्याला शिवली नसती! त्यापूर्वीं, विषण्णता अगदीं गडद असतांना, त्यानें बायरनहि वाचून पाहिला होता. परंतु तो कवि याच्यासारखाच कष्टी. १८२८ सालीं वर्डस्वर्थच्या कविता हातीं आल्या आणि त्यांतील डोंगर-झऱ्यांच्या सहवासांत मनाला खरा विसांवा मिळाला. सुखाचा पाठलाग सोडून दुसऱ्या कार्यांत मन गुंतविलें, तर सुख वाटेंत आपोआप भेटतें, असें मत त्यानें याच काळांत बनविलें.

कंपनीची नोकरी त्यानें १८५८ पर्यंत केली. हा वृत्तान्त ज्यांत आहे तें आत्मचरित्र १८७३ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. बाप १८३६ सालींच वारला होता. मुलानें आपलें दुःख त्याला कधीं सांगितल्याचा उल्लेख त्यांत नाहीं.