कारखान्याचा ठेका

‘टाक्ट’ हा जर्मन शब्द मुळात संगीतातला; आपल्याकडे ठेका म्हणतात त्याच्या जवळचा. विमाने बांधणाऱ्या युंकर्स कंपनीने तो कारखान्यात आणला. अर्धवट बांधलेली विमाने ओळीने उभी करावयाची आणि ठरलेला अवधी भरताच ती सर्व एकदम एकेक ठाणे पुढे सरकवावयाची, अशी ही पद्धत होती. तिचे लोण जपानात मित्सुबिशीच्या नागोया येथील विमानकारखान्यापर्यंत पोहोचले. त्याच परिसरात, कोरोमो गावी, 1938 पासून टोयोटाच्या मोटारी बनत होत्या.

महायुद्धानंतर मात्र या मोटारकारखान्याला ठेका असा नव्हताच. महिन्याचा पूर्वार्ध सुटे भाग जमण्याची वाट पाहण्यात जाई आणि उत्तरार्धात मोटारी जोडण्याची एकच धांदल उडे. तशात मागणी आटली आणि कंपनी कर्जात रुतली. 1950 साली बँकांनी तिला तारले खरे, पण विक्रीची कंपनी वेगळी काढावी आणि ती खपवू शकेल तितक्याच मोटारी बांधाव्यात, असे तिला बजावले. दोन हजारांवर कामगारांना बाहेर पडावे लागले. संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपद सोडले.

खपेल तितकेच बांधावयाचे, पण कोणत्या गतीने? हा प्रश्न तेथील यंत्रशाळा सांभाळणाऱ्या ताइइची ओनो यांनी हाती घेतला. त्यामागचे गणित शाळकरी मुलालाही जमेल असे आहे. पाळीत कामाची 450 मिनिटे आहेत आणि गिऱ्हाइकांना 225 नग हवे आहेत, तर दर दोन मिनिटांनी एक नग बाहेर पडला पाहिजे. एका पेटीत दहा नग मावत असतील, तर पेटीचा अवधी वीस मिनिटांचा. दर वीस मिनिटांनी मालवाहू कामगाराने पुढील पेटीची चिठ्ठी आणून द्यावयाची आणि भरलेली पेटी उचलावयाची. पेटी अपुरी दिसली तर घोटाळा तेव्हाच उघडकीस येतो. संध्याकाळच्या हिशेबाची वाट पाहावी लागत नाही. निरनिराळ्या जातींचा माल असेल तर त्यांच्या चिठ्ठ्याही दिवसभर आलटून पालटून द्यावयाच्या, म्हणजे सकाळी एकाच विभागावर भार आणि दुपारी तो रिकामा, असे होत नाही.

यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या भागाकारात यंत्राच्या शक्तीला स्थानच नाही. यंत्र दीड मिनिटात नग काढू शकते, म्हणून तो काढावयाचा नाही. हात चालत असताना थांबणे हे मेहनती माणसाला आळसासारखे वाटते. जुन्या कारागिरांचा या पद्धतीला विरोध झाला, यात नवल ते काय?

विरोधाचे दुसरे कारण अधिक खरे होते. मागणी वाढली की अवधी आखडतो. आणि कामगाराच्या वाट्याला येणारी मोकळी क्षणार्धाची उसंतही हिशेबात धरली जाते. सातोशी कामाता या पत्रकाराने 1972 साली टोयोटात हंगामी कामगार म्हणून नोकरी धरली आणि पुढल्याच वर्षी त्या अनुभवाचे पुस्तक प्रसिद्ध केले. सरकत्या पट्ट्यापुढे शिणलेली माणसे त्यात भेटतात. दोन पाळ्यांच्या मध्ये काही तास मोकळे राखण्याची तेथे रीत होती. दिवसाचा आकडा अपुरा राहिला तर तो त्या वेळात भरून काढीत. त्यामुळे घरी केव्हा जावयास मिळेल, हे कामावर येताना कामगाराला ठाऊक नसे.