मुलांना सुधारणाऱ्यांची शाळा

मे २०२४ मधला तो ३०० शब्दांचा निबंध आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोघांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला अपघातांवर निबंध लिहायला सांगितले. निबंधाची यथेच्छ टवाळी झाली. संताप रास्तच होता. पण त्याच आदेशात समुपदेशनाचीही अट होती आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. हे समुपदेशन करणार कोण? ती विद्या त्याला शिकवली कोणी? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासावर आहे. त्या इतिहासाचा मोठा भाग मुंबईत घडला.

सुरुवात कायद्यापासून करू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा मानले नाही. सात ते बारा या वयात त्याला आपल्या कृत्याची समज होती का, हे न्यायालयाने पाहायचे. बाराच्या पुढे मूल आणि प्रौढ यांत संहितेने भेद केला नाही. मग १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीनांना इतर शिक्षेऐवजी फटके देण्याची सोय करून ठेवली. छडी मारायला प्रशिक्षण लागत नाही. सरकारला यापेक्षा स्वस्त शिक्षा कोणती? आपल्या कायद्यातून ती गेली १९५५ साली.

दुसरी वाट होती कामाला लावण्याची. १८५० च्या कायद्याने १० ते १८ वयाच्या निराधार किंवा किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांना धंदा शिकण्यासाठी उमेदवार म्हणून बांधून देता येऊ लागले. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह १८५७ चे. त्याचाच वारसा सांगणारी संस्था आज माहीमला आहे. (येथे एक इशारा. मुंबईत १८४३ मध्ये निराधार मुलांची पहिली शाळा लॉर्ड कॉर्नवॉलिसने काढली, असे वाक्य अनेक लेखांत आणि परीक्षेच्या टिपणांत सापडेल. कॉर्नवॉलिस १८०५ मध्ये गाझीपूरला वारला. त्याचे थडगे तिथे आहे. कृपया ते वाक्य पुढे पाठवू नका.)

इंग्लंडमधल्या सुधारगृह चळवळीच्या अग्रणी मेरी कार्पेंटर १८६६ पासून चार वेळा भारतात आल्या. मुलींच्या शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षिका हव्यात आणि गुन्हेगार मुलांसाठी तुरुंगापासून वेगळी सुधारगृहे हवीत, हे त्यांचे दोन आग्रह. पुढे १८७६ चा सुधारशाळांचा कायदा झाला आणि त्याची जागा १८९७ च्या कायद्याने घेतली. त्यानुसार १५ वर्षांखालील मुलाला किमान तीन आणि कमाल सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येई. मुलींचा त्यात विचारच नव्हता. मला यात एक गोष्ट खटकते. शिक्षिकेला शिकवावे लागते हे त्या काळात मान्य होत होते; पण चोरी करणाऱ्या, मारहाण करणाऱ्या मुलासोबत अख्खा दिवस काढणाऱ्या माणसालाही काही शिकवावे लागते, हे कायद्यात कुठेच उमटत नाही. भिंती, कुलपे आणि सुतारकामाची हत्यारे यांची तरतूद झाली, माणसांची राहिली.

तो विचार आकाराला आला शिकागोत. तेथे जुलै १८९९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले. मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारा आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणारा परिवीक्षा अधिकारी हा त्या व्यवस्थेचा कणा होता. गंमत अशी, की कायद्याने हे पद निर्माण केले, पण त्याला सरकारी तिजोरीतून पगार ठेवला नाही! हल हाउस या सेवाकेंद्राभोवती जमलेल्या स्त्रियांनी पैसे उभे केले. पहिल्या परिवीक्षा अधिकारी अल्झिना स्टीव्हन्स याही तिथल्याच. पण सद्भावना पुरत नाही, हे लवकरच उमगले. तेच ते मूल पुन्हा पुन्हा न्यायालयात का येते? या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी १९०९ मध्ये डॉ. विल्यम हीली यांच्या हाताखाली एक संस्था निघाली. एकेका मुलाची प्रकृती, बुद्धी, घर, शाळा, संगत यांचा स्वतंत्र अभ्यास करायचा आणि मग निष्कर्ष काढायचा, ही हीलींची रीत. समाजसेवकांना शिकवणारे वर्गही याच शहरात वाढले आणि १९२० मध्ये शिकागो विद्यापीठात सामावले गेले.

आता मुंबई. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंग समितीने (१९१९-२०) मुलांना तुरुंगाबाहेर ठेवा आणि त्यांच्यासाठी वेगळी न्यायालये काढा, असे सुचवले. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये बालकायदा केला. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुलांना ठेवण्यासाठी जागा मिळाली ती उमरखाडीची, म्हणजे डोंगरीचा जुना तुरुंग. होय, तोच! १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर जिथे होते आणि ज्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ लिहिले, तीच वास्तू. मुलांना तुरुंगात ठेवू नये म्हणून केलेल्या कायद्याने त्यांना रिकाम्या झालेल्या तुरुंगात नेले. मी गेल्या पावसाळ्यात त्या फाटकासमोर बराच वेळ उभा होतो. भिंतीची उंची पाहून इमारतीचा पहिला उपयोग कुणाला सांगावा लागत नाही.

कायदा झाला, न्यायालय झाले. अधिकारी मात्र आणायचे कुठून? ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था कार्यकर्त्यांसाठी अल्पकालीन वर्ग घेत, पण पूर्ण वेळ, पदवीनंतर शिकण्याचा व्यवसाय म्हणून हे काम कुणी पाहत नव्हते. येथे क्लिफर्ड मॅन्शार्ट येतात. अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ मध्ये आलेल्या या गृहस्थांचे शिक्षण शिकागोचे. गिरण्या, गोदी आणि दाटीवाटीच्या खोल्यांमधल्या नागपाड्यात त्यांनी ‘नेबरहुड हाउस’ चालवले आणि तिथे त्यांना तोच प्रश्न भेटला: मदत करू इच्छिणारे पुष्कळ, कशी करावी हे जाणणारे थोडे. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशांवर १९३६ मध्ये नागपाड्यातच समाजकार्याची शाळा उघडली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पहिल्या तुकडीत विद्यार्थी २०. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. हे नाव तिला १९४४ मध्ये मिळाले.

शाळेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मला ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी वाटते. बालमार्गदर्शनाच्या पद्धतीत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक एकाच मुलाकडे तीन बाजूंनी पाहतात. चोरी करणारा मुलगा समोर आला तर ‘का चोरलेस?’ हा प्रश्न शेवटी येतो. आधी त्याच्या घरी जायचे, बाप कामावर आहे की सुटला आहे ते विचारायचे, मास्तरांना भेटायचे, रात्री तो झोपतो कुठे ते पाहायचे, आणि हे सारे न्याय न देता लिहून काढायचे. हे शेवटचे कसब सर्वांत अवघड. नवशिक्याची लेखणी एकतर कणव दाखवते, नाहीतर निकाल देते.

तरीही या कथेला सरळ प्रगतीचा रंग देऊ नये. पुस्तके बहुतांशी अमेरिकन होती, चाळ भायखळ्याची होती. आणि ज्या १९२४ मध्ये मुंबईचा बालकायदा झाला, त्याच वर्षी केंद्राने गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने केला. त्यात या जमातींची मुले आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. त्या मुलांनी काहीही केलेले असण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. एकाच प्रांतात एका मुलाचा अपराध समजून घेण्यासाठी अधिकारी त्याच्या घरी जात होता आणि दुसऱ्या मुलाचे घरच अपराध ठरत होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

मुंबईने १९३८ मध्ये आणि केंद्राने १९५८ मध्ये परिवीक्षेचा कायदा केला, तेव्हा हे पद पक्के झाले. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार परिवीक्षा अधिकाऱ्याने विधिसंघर्षग्रस्त बालकाचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. त्या अहवालाचा नमुना मिळवून वाचा: कुटुंबातील माणसे, उत्पन्न, घर, शाळा सोडण्याचे कारण, मित्र, व्यसन, मुलाशी घरच्यांचे वागणे. नागपाड्यातल्या त्या २० जणांना हे रकाने ओळखीचे वाटले असते.

सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मधल्या मुलांवर स्वतंत्र धागा लिहायचा आहे. कुणाच्या घरी त्या वसाहतीच्या आठवणी असतील, आजी-आजोबांनी काही सांगितले असेल, तर जरूर कळवा.